नावाची जागा

"पंडितजी, गाना सुनना है कि भजन?" झाशीच्या सिपरी बाजारातल्या दुकानदारानं विचारलं.

"श्राद्ध," यज्ञेश्वर म्हणाला.

दुकानदारानं हातातला मोठा स्पीकरचा डबा गुपचूप फळीवर परत ठेवला. दणदण वाजणारं काही श्राद्धाला चालत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. शिवाय फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा. खालच्यांची भांडी थरथरली असती. त्यानं लाकडी पेटीचे दोन लहान स्पीकर काढले. "ये ले जाइए. कान की ऊँचाई पर रखिए, दीवार से एक बित्ता दूर. आवाज़ में आदमी आ जाएगा."

यज्ञेश्वरला नेमका माणूसच कमी पडत होता. त्यानं स्पीकर घेतले.

त्याच्या घराण्याची भिक्षुकी झाशीत दोनशे वर्षं चालली होती. गेली चार वर्षं ती बैठकीतल्या कॉम्प्युटरवर चालत होती. झाशीतल्या मराठी घरांतली मुलं टोरांटोपासून सिंगापूरपर्यंत पांगली होती आणि पितृपक्षात त्या सगळ्यांना एकदमच वडील आठवत. दिवसाला पाच-पाच श्राद्धं. पहिल्याच वर्षी घसा बसला, तेव्हा यज्ञेश्वरनं एका बऱ्या दिवशी सगळा विधी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकला. "आबा, अर्धा तास एक शब्द बोलू नका," असं त्यानं वडिलांना बजावलं होतं. नारायणराव दिवाणावर मांडी घालून बसले होते. "बरं," म्हणाले होते.

रेकॉर्डिंगमध्ये यजमानाच्या पितरांची नावं येतात तेवढ्या जागा त्यानं मोकळ्या सोडल्या होत्या, रेल्वेच्या फॉर्मवर सोडतात तशा. रेकॉर्डिंग चालायचं, यज्ञेश्वर नावं भरायचा. मधल्या वेळात ओठ मात्र तो स्वतः हलवत असे. तेवढं काम त्यानं यंत्रावर ढकललं नव्हतं.

"अहो, सगळं पाठ आहे ना तुम्हाला?" स्नेहलता एकदा म्हणाली होती.

"पाठ आहे म्हणून तर रेकॉर्ड करता आलं," यज्ञेश्वर म्हणाला होता. या उत्तरानं बायकोचं समाधान झालं नाही, आणि त्याचंही.

दोन वर्षांपूर्वी नारायणराव गेले. त्यांचं वर्षश्राद्धही त्यानं याच रेकॉर्डिंगवर उरकलं. घसा बसलाय, असं स्नेहलताला सांगितलं. नाव तेवढं स्वतः घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल फिरवलं, त्यामुळे भिंतीवरचा आबांचा फोटो त्याच्या पाठीमागे आला. कॅमेऱ्यात हार घातलेले आबा दिसत, यजमानांचा विश्वास बसे. यज्ञेश्वरला ते दिसत नसत. दोन्हीकडची सोय झाली.

अडचण आली ती जुन्या स्पीकरांची. टोरांटोचा विद्याधर, इथल्या गजानन गार्डचा मुलगा, गेल्या श्राद्धात म्हणाला होता, "गुरुजी, तुमचा आवाज बहुत फटतोय. प्लॅटफॉर्मवर अनाउन्समेंट होते ना, तसा. बाबांचं नाव तेवढं एकदम साफ ऐकू येतं. असं कसं हो?"

त्या प्रश्नावर यज्ञेश्वर वर्षभर नीट झोपला नव्हता. म्हणून हे नवे स्पीकर.

संध्याकाळी टोरांटोत सकाळ झाली. विद्याधर सोवळं नेसून पडद्यावर आला. स्पीकर कानाच्या उंचीवर होते, भिंतीपासून एक वीत दूर. यज्ञेश्वरनं रेकॉर्डिंग लावलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

"वाह गुरुजी!" विद्याधर म्हणाला. "आज तुम्ही खरंच बोलताय असं वाटतंय."

यज्ञेश्वरनं मान डोलावली. आवाज खणखणीत होता. श्वास ऐकू येत होता. चार वर्षांपूर्वीच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली. मग मागे दिवाण करकरला. यज्ञेश्वरनं वळून पाहिलं. घरात दिवाण नव्हता. आबा गेल्यावर तो देऊन टाकला होता.

तो पुन्हा पुढे वळला. 'अस्मत्पितुः' आलं. त्यानंतर मोकळी जागा. 'गजानन' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दोन्ही स्पीकरांतून हलक्या, काळजीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"नाव घे रे, यज्ञू. थांबलास का? वडिलांचं नाव घे."

यज्ञेश्वरचं तोंड उघडंच राहिलं. मुलगा अडला असं वाटून म्हातारा न राहवून बोलला होता, आणि चार वर्षं जुन्या स्पीकरांच्या खरखरीत ते बुडून राहिलं होतं. म्हणजे वर्षश्राद्धातही, याच जागी, आबांनी त्याला हे सांगितलं असणार.

"गुरुजी, ये कौन बोला?" विद्याधरनं विचारलं.

"आबा."

विद्याधरनं फोटोतल्या हाराकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, हातातल्या पळीतलं पाणी सांडलं, हात आपोआप जोडले गेले. "तुमचे बाबा आले. मग माझेपण आले असतील, हो ना गुरुजी?"

एवढा श्रद्धाळू यजमान कुठल्याही भिक्षुकाला आवडला असता. 'हो' म्हटलं असतं तर पुढच्या पितृपक्षात सगळं टोरांटो यज्ञेश्वरकडे आलं असतं.

"ते रेकॉर्डिंग आहे, विद्याधर," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मीपण. आत्तापर्यंत."

मग विद्याधरनं सांडलेलं पाणी पुसलं, पळी पुन्हा भरून घेतली आणि म्हणाला, "शुरू से करूया?"

यज्ञेश्वरनं मोबाइल बंद केला. टेबल ओढून असं फिरवलं की फोटो समोर आला. मग पहिल्या शब्दापासून, फाटक्या, बसक्या, स्वतःच्या आवाजात तो म्हणू लागला.

नावाच्या जागेशी आल्यावर सवयीनं थांबला. कान देऊन थांबला. या वेळी कुणी काही सांगितलं नाही.