पुण्यानुमोदन

भंते आसनावर बसले आणि बाळाबाईच्या ध्यानात आलं, आपली चूल बरोब्बर तिथंच होती.

दीक्षेनंतरची पहिलीच वैशाख पौर्णिमा. कागलच्या वाटेवरच्या बाळाबाईच्या वस्तीत नवा विहार उभा राहिला होता. चार भिंती, वर कौलं, दाराशी पिराजीचं नाव कोरलेला दगड. पिराजी बाळाबाईचा धाकटा दीर. जागा त्यानं दान दिली होती.

त्या जागेवर बाळाबाईचं घर होतं. नवरा गेला त्या वर्षी पिराजीनं कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला. माघात घर पाडलं. "बुद्धाचं घर व्हायचं हाय, वैनी. न्हाय म्हणू नगासा," चार माणसांदेखत तो म्हणाला. ती न्हाय म्हणालीच नाही. भांडी उचलून त्याच्या गोठ्यात राहायला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून जोत्याची माती वाहू लागली. बुद्ध तिलाही हवाच होता.

"पिराजींनी मोठं दान केलं," भंते समजावून सांगत होते. "ज्यांच्यापाशी द्यायला काही नाही, त्यांनी दुसऱ्याच्या सत्कर्माचा मनापासून आनंद मानावा, साधु म्हणावं. त्यांनाही पुण्य लाभतं. मात्र मनात किल्मिष नको."

शेजारच्या शालूबाईनं कोपरानं ढोसलं. "नशिबाची हाईस गं. तुझ्याच घरातला दाता!"

बाळाबाईनं डोळे मिटले. आनंद कुठं सापडतो का, खरोखरच बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"भंते, एक इचारू?"

"विचारा, माई."

"देणाऱ्याला पुण्य. आनंद मानणाऱ्याला पुण्य. आन् जिचं दिलं, तिला?"

भंतेंनी पिराजीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांना उमगलं असावं. ते काही बोलणार, एवढ्यात पिराजीनं हात जोडले आणि खणखणीत आवाज दिला, "साधु!"

"साधु! साधु!" साऱ्या वस्तीनं उचलून धरलं. कौलं दणाणली. त्यात भंते काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही.

बाळाबाई उभीच होती. तिचेही ओठ हलत होते.