हार्लनची साधी गाडी

"बॉनेट कशाला उघडताय?" लोवेल म्हणाला. "बाहेरूनच कळतंय की साधी आहे."

रूबेन हातमोजे चढवत होता. जुन्या गाड्या खऱ्या की नकली, हे पारखायचा त्याचा धंदा. त्यासाठी तो अख्खं इंडियाना पालथं घालायचा. "बाहेरून कुठलीच गाडी कळत नाही," तो म्हणाला.

हार्लनच्या कोठारात १९७० सालची काळी शेवेल गाडी उभी होती. रस्त्यावर तशा ढिगाने दिसायच्या. पण त्यातल्याच मोजक्या गाड्यांत कारखान्याने राक्षसी ताकदीचं इंजिन घातलं होतं, आणि त्यांच्यासाठी लोक आता जीव टाकत. ही त्यातली नाही, असं हार्लन सगळ्यांना सांगायचा. तो हिवाळ्यात वारला. त्याची बायको ओनेटा हिने रूबेनला बोलावून घेतलं होतं.

"काकू, मी नेतो म्हटलं ना ही," लोवेल म्हणाला. "खरी-खोटी कशाला बघायची? घरची गाडी घरात राहील."

"बघू दे रे. बघायला काय जातंय?"

लोवेल हार्लनचा पुतण्या. लहानपणापासून याच घरात वाढलेला. आज सकाळपासून तो गाडीपासून हलायला तयार नव्हता. रूबेन डावीकडे गेला की हाही डावीकडे.

बॉनेट उघडलं. रूबेनने रॉकेलच्या फडक्याने इंजिनावरचा ठसा पुसला, आरसा धरला, बॅटरी मारली. मग गाडीखाली सरपटत गेला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते.

"कॉफी आणते," म्हणून ओनेटा घराकडे वळली.

ती लांब गेल्यावर लोवेल उकिडवा बसला. "हे बघा, साधी आहे म्हणून सांगून टाका. तुमचं जे काय होईल ते मी देतो. वर हवं तेही देतो."

रूबेन बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. "विधवा काकूची गाडी फुकटात लाटायची आहे होय?"

"तसं समजा हवं तर."

"मी गाडी बघतो, भाऊ. जे दिसतं तेच सांगतो."

"तुम्हाला कळत नाहीये," लोवेलचा आवाज चिरकला. "हात जोडतो. नाही म्हणा नुसतं."

दारात कप वाजले. ओनेटा उभी होती. किती ऐकलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने ट्रे खोक्यावर ठेवला.

"सांगा," ती म्हणाली.

"खरी आहे. इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतात. ठसे कारखान्यातलेच." रूबेनने कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. "पण बाई, एक गोष्ट मला उमगत नाहीये. साध्या गाडीला खरीचं सोंग देणारे मी शेकड्याने पाहिले. खऱ्या गाडीला साधीचं सोंग दिलेलं आज पहिल्यांदा पाहतोय. मोठ्या इंजिनाची ओळख सांगणाऱ्या हिच्या मूळच्या पट्ट्या उपटून भोकं आतून बुजवली आहेत. बॉनेट दुसऱ्याच साध्या गाडीचं आहे."

"चोरांच्या भीतीने केलं असेल," लोवेल घाईघाईने म्हणाला. "काका भित्राच होता."

"उजवं मडगार्डही बदललंय," रूबेन म्हणाला. "आतली पट्टी वाकली होती, ती ठोकून सरळ केली आहे. कशाला तरी धडकली असणार."

"काकू, चल घरात. गार वारा सुटलाय."

ओनेटा जागची हलली नाही. "बॉनेट कधी बदललं, ते कळतं?"

"ठशावरून हे बहात्तर सालचं आहे. त्याच्या आधी बसवणं शक्य नाही."

"बहात्तरच्या पानगळीत हार्लनने ही ओहायोहून आणली," ती म्हणाली. "आल्या आल्या ताडपत्रीखाली झाकली. मग म्हणाला, फसलो, साधीच निघाली. त्याच आठवड्यात पुलाजवळ सायकलवरच्या मुलीला काळ्या गाडीने उडवलं. पाहणारा म्हणाला, मोठ्या इंजिनाची शेवेल होती, आवाजावरून सांगतो. तालुक्यात तशी एकच होती, हार्लनच्या थोरल्या भावाची. व्हर्लिनची. त्यालाच धरलं."

रूबेनने कप खाली ठेवला.

"याचा बाप तो," ओनेटा म्हणाली. "शेवटपर्यंत ओरडत राहिला, मी नव्हतो म्हणून. तुरुंगातच मेला. मला ही गाडी विकायची नाही, रूबेन. हार्लन होता तोवर त्याने कुणाला हिला हात लावू दिला नाही. आता जे बोललात, ते शेरीफसमोर बोलाल?"

"बोलेन."

ती लोवेलकडे वळली. "तीस वर्षं मी त्या माणसाच्या ताटात वाढत होते आणि मनात शंका दाबत होते. तुझ्या बापाचं नाव आता तरी धुऊन निघेल. आणि तू? तुला ही गाडी फुकटात हवी होती?"

लोवेलने टोपी काढली.

"बाबांनी शेवटच्या भेटीत मला सगळं सांगितलं होतं, काकू," तो म्हणाला. "म्हणाले, कुणाला बोलू नकोस, हार्लनही आत गेला, तर तुला आणि तुझ्या काकूला जेवू कोण घालणार?"