आप्पांपुरते भाषण

खिडकीतून आलेले सकाळचे कोवळे ऊन फरशीवरून सावकाश सरकत, चटईच्या कडेशी रेंगाळत, वडिलांच्या पावलांपाशी येऊन थांबले. निशिकांत ते पाहत बसला होता. विज्ञानावरची त्याची छोटी भाषणे हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रच रचत असे. त्याच्याच आवाजात, ज्या त्या श्रोत्याला रुचतील अशी.

"आज स्मरणशक्तीवर छान बोललास," कानातले इअरफोन काढत आप्पा म्हणाले. "शेवटी म्हणालास, 'आईच्या आजारपणात आला नाहीत, तरी माफ केलं तुम्हाला.' तोंडावर सांगायला लाजतोस होय रे, गाढवा?" त्यांचे डोळे भरून आले होते.

ते वाक्य निशिकांतने कधी उच्चारले नव्हते; यंत्राने ते आप्पांपुरते जोडले होते. "चहा निवतोय, आप्पा," तो म्हणाला.

त्यांना आपल्या घरी राहायला आणले तेव्हाच राग संपला, असे तो स्वतःला सांगत आला होता. राग संपलेला नव्हता.