जास्तीचा बर्फ

लसीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि नर्सबाईंचा हात तसाच थांबला. आत ठेचलेला बर्फ गच्च भरला होता आणि त्याला मासळीचा वास येत होता. बाईंनी तो उकरून एक कुपी बाहेर काढली, उजेडात धरली, उलटी केली. आतलं औषध हललं नाही. त्याचा दगड झाला होता.

शाळेच्या वर्गातली बाकं भिंतीला सरकवून ठेवली होती. दारापासून थेट धक्क्यापर्यंत खालच्या वाडीतल्या आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. घशापासून सुरू होणाऱ्या घटसर्पाने बेटावरची दोन मुलं नेली होती, दोन्ही याच वाडीतली. एवढी मोठी रांग, पण आज नंबरावरून कुणी भांडत नव्हतं. यावरून काय ते समजावं.

"काका, हा बर्फ कुणी घातला?" बाईंनी हळूच विचारलं.

लस घेऊन आलेले बोटवाले काका शेजारीच उभे होते. चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"मीच. पलीकडच्या दवाखान्यातल्यांनी चार चपट्या पिशव्या ठेवल्या होत्या बर्फाच्या, त्यांनाही घाम फुटलेला. म्हटलं, एवढ्यावर औषध कसं टिकणार? मग मासळीचा बर्फ ठेचून घातला, वर मीठ मारलं. असल्या बर्फात मासा चार दिवस ताजा राहतो, बाई."

त्या पिशव्यांना घाम फुटू देऊनच डब्यात ठेवायचं असतं. ही लस गार ठेवावी लागते, गोठलेली चालत नाही. एकदा गोठली की नंतर वितळली तरी कामातून गेली. अति तिथे माती म्हणतात, ती अशी. पण चिडायचं तरी कुणावर? साथीच्या भीतीने दुसरा एकही बोटवाला बेटाकडे फिरकत नव्हता. हा माणूस भर वाऱ्यात जिवावर उदार होऊन आला होता. खरं सांगितलं असतं तर रांगेने त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं.

बाई दारात गेल्या. "आजची लस खराब निघाली. चूक आमची आहे. उद्या दुसरी येईल. तोवर पोरांना घराबाहेर काढू नका."

रांगेत पहिली उभी होती, तिचाच थोरला चार दिवसांपूर्वी गेला होता. तिने धाकट्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "थोरल्यालाही उद्याच पलीकडे दवाखान्यात न्यायचं म्हणत होतो, बाई," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

बाईंच्या मागे काका एव्हाना निघालेही होते.

"असाच उलट्या पावली जातो नि दुसरी घेऊन येतो. ह्या खेपेला बर्फ दुप्पट घालतो, मग बघू कशी खराब होते!"

आता गप्प राहून चालणार नव्हतं. बाईंनी त्यांना फळ्याजवळ नेलं आणि दोनच वाक्यांत सगळं सांगितलं. काकांनी कुपी हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली, परत दिली.

"म्हणजे मीच मारलं औषध."

"तुम्हाला काय माहीत, काका. आम्ही सांगायला हवं होतं."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "गेल्या महिन्यात वरच्या वाडीची लसही मीच आणली होती. तेव्हाही असाच घातला होता बर्फ. इथे पोचेपर्यंत वितळला. मग पाणी ओतून, डबा पुसून दिला तुमच्या हातात."

वरच्या वाडीत घरोघर जाऊन बाईंनीच सांगितलं होतं, आता पोरांना खेळू द्या, काळजीचं कारण नाही. त्या वेळी एकही कुपी त्यांनी नीट तपासली नव्हती.

"तिथली पहिली सुई माझ्या नातीला दिली होतीत," काका म्हणाले. "परवापासून तिचा घसा दुखतोय. सून म्हणत होती, बाईंना दाखवून आणू. मीच म्हटलं, हिला कशाला? हिला लस दिलीय."