शिळं डांबर

दिगंबररावांनी प्लास्टिकची खुर्ची बरोब्बर मशीनच्या दातांपुढे मांडली आणि पायावर पाय टाकून बसले. रस्ता खरवडणारं ते धूड तसंच घरघरत उभं राहिलं. ऑपरेटरला घाम फुटला.

"शिळ्या डांबराचा रस्ता आमच्या गल्लीत नको," ते म्हणाले. "कर आम्ही ताजा भरतो."

"काका, शिळं काय त्यात?" कामावरची इंजिनिअर नीरजा काकुळतीला आली. "खरवडलेलं डांबर तापवून, नव्यात मिसळून परत घालतो. तपासून घेतलेलं असतं. आणि त्यामुळे रस्त्याची उंची—"

"त्यामुळे कुणाचं भलं होतं, ते कळतं आम्हाला."

म्हातारा हट्टी खराच, पण हट्टाला कारण होतं. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी बंगल्यात घुसलं, तेव्हा त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडून होत्या. पाणी गादीला टेकलं. दिगंबररावांना त्या एकट्याने उचलवेनात. शेजारी येईपर्यंत ते गुडघाभर पाण्यात बायकोचा हात धरून नुसते उभे होते. ती भीती अजून अंगातून गेली नव्हती. म्हणून तर अर्ज करकरून त्यांनी हा रस्ता मंजूर करून आणला होता, आधीच्या सगळ्या रस्त्यांसारखाच. आणि आता हे लोक जुनंच उकरून परत फासणार? वा रे वा!

नीरजाने फोनवर कुणाशी तरी बोलून घेतलं. तिचा चेहरा उतरला.

"ठीक आहे, काका. मशीन हडपसरच्या कामावर पाठवते. मग मात्र आहे त्याच रस्त्यावर नवाकोरा थर टाकावा लागेल."

"तेच तर म्हणतोय मघापासून!"

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीन मागे सरकायला लागलं.

इतक्यात फाटकात वॉकर खडखडला. द्वारकाबाई आल्या होत्या. फाटकातून रस्त्यावर यायचा तो चढ काही त्यांना चढवेना, म्हणून तिथूनच त्यांनी हाक मारली.

"अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा या फाटकातून पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचो ना आपण? खालच्या पायरीवर बसून मी मटार सोलायचे. आता चढून जावं लागतं. माझ्या पायऱ्या गेल्या कुठे हो?"

दिगंबररावांनी फाटकाकडे पाहिलं. मग पायांखालच्या रस्त्याकडे. आपणच मंजूर करून आणलेला एकेक नवाकोरा रस्ता त्यांना आठवत गेला, आणि ते ताडकन उठले.

"अहो, निघालात कुठे?" खुर्ची बाजूला भिरकावत ते ऑपरेटरवर ओरडले. "खरवडा! हिची पायरी लागेपर्यंत खरवडा!"