रेषेबाहेर

ताईच्या गुडघ्याला फिजिओ पट्टी बांधत होती, तेवढ्यात ड्रेसिंग रूमच्या दारातून डावरी डोकावली.

"अगं, तू इथे?"

"शाळेतल्या मुलींना फायनल दाखवायला आणलंय. म्हटलं, आधी तुझं तोंड बघून यावं."

एके काळी डावरी याच खोलीत, समोरच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधायची. तिच्या डाव्या हाताच्या सर्व्हिसने भल्याभल्यांची भंबेरी उडायची. ताईपुढे मात्र तिची डाळ कधी शिजली नाही. फायनलला यायची, जीव तोडून खेळायची आणि हरून जायची.

"शाळेत रमलीस?"

"रमले की. मुली विचारतात, मॅडम, तुम्ही कधीच कसा कप जिंकला नाहीत? मी सांगते, वाटेत भिंत होती बायांनो."

ताईला वर्तमानपत्रवाले 'भिंत' म्हणायचे. डावरी हसली. ताईही हसली, पण जरा उशिरा.

"राग नाही ना गं माझा?"

डावरीने खरंच विचार केला. "राग नाही. पण एकदा तरी तो कप उचलून बघायचा होता. किती जड असतो, एवढंच." मग ताईच्या खांद्यावर थापटून ती मुलींकडे गेली.

डावरी काही एकटी नव्हती. ताईपुढे हरून हरून कुणी रॅकेट माळ्यावर टाकली होती, कुणाच्या घरी टेनिसचं नावही काढायची सोय नव्हती. आणि या सगळ्यांत पहिल्या होत्या बाई.

बाई तेव्हा नंबर एकच्या खेळाडू होत्या. ताई कोवळी पोर. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. नातेवाईक म्हणत होते, पुरे झालं आता, घरी ये. कुणीही तिला हिशेबात धरलं नव्हतं. तिसऱ्या सेटमध्ये बाईंचा बॅकहँड नेटमध्ये गेला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्यानंतर बाई पुन्हा स्पर्धेत उतरल्या नाहीत. पोरीने बाईंना संपवलं, असं लोक बोलले. ताईच्या कानावर ते आलं आणि मनात रुतून बसलं.

पुढे काही वर्षांनी ती मान खाली घालून बाईंच्या दारात गेली. "मला शिकवाल?" असं तिने विचारलं. बाई तोंडावर दार आपटतील अशी तिची खात्री होती. बाई म्हणाल्या, "आधी आत ये. चहा टाकते." दुसऱ्या दिवसापासून त्या कोर्टवर हजर. त्या मॅचचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

पण जेव्हा जेव्हा ताईचा धीर सुटायचा, गुडघा सुजायचा, प्रेक्षक उलटायचे, तेव्हा ती मनाशी एकच म्हणायची, मी बाईंना हरवलंय. त्या एका वाक्यावर तिने सगळी कारकीर्द ओढली होती.

आजच्या फायनलमधली समोरची पोरगी नखं खात कोर्टवर आली. पहिला सेट तिने घेतला, दुसरा ताईने. तिसऱ्यात ताई विजयापासून एका गेमवर होती. बाजू बदलताना तिने पोरीचा चेहरा पाहिला. हार अजून व्हायची होती, पण पोरीने ती आधीच गिळली होती. डावरीचा चेहरा असाच व्हायचा.

ताई खुर्चीत बसली आणि तिने टॉवेल डोक्यावर ओढला. घरी कपांना कपाट पुरत नव्हतं. हिला आता थांबवलं, तर हीसुद्धा कुठेतरी शाळेत मुलींना भिंतीची गोष्ट सांगत बसेल.

ती उठली.

लोकांना खरं वाटेल असं हरणं सोपं नसतं. ताई ढिली पडली नाही, उलट जास्त जोराने मारत राहिली. चेंडू फक्त बोटभर रेषेबाहेर पडू लागले. एकदोनदा ती लंगडली. कॉमेंटेटर म्हणाले, वय कुणाला चुकलंय. पोरीला विजयाचा वास लागला, आणि मग ती अशी काही खेळली, की शेवटचे काही चेंडू ताईला मनापासून खेळूनही परतवता आले नसते.

नेटपाशी पोरगी तिच्या गळ्यात पडून हुंदके देत म्हणाली, "ताई, तुम्हाला हरवलं. आता मला कशाचीच भीती नाही."

ताईने तिच्या पाठीवर हात फिरवला.

आतल्या खोलीत बाई वाट बघत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"गुडघा?"

"बरा आहे."

"मग?"

ताईने हातातली रॅकेट बाकावर ठेवली. "सकाळी डावरी भेटली. बाई, किती जणींच्या वाटेत उभी राहिले मी."

"म्हणून दिलीस मॅच."

"कळलं लोकांना?"

"लोकांना नाही. मला कळलं."

"चुकलं माझं?"

बाई खिडकीशी गेल्या. खाली पोरगी कप डोक्यावर धरून उभी होती आणि फोटोवाल्यांची झुंबड उडाली होती.

"ते आत्ता ठरवू नकोस," त्या म्हणाल्या. "पण तिला कधी कळता कामा नये. उद्या ती मोठी झाली, तुझ्याकडे शिकायला आली, रोज समोर बसून चहा प्यायला लागली, तरीही."

"नाही सांगणार, बाई. शब्द देते."

"जड जातं," बाई म्हणाल्या. त्या अजून खालीच बघत होत्या. "पण जमतं. मी तरी तुला कुठे सांगितलं?"