पान उलटण्याआधी

घड्याळजी रोज दुपारी बायकोला तत्त्वज्ञानाचा एक जुना, जाडजूड ग्रंथ वाचून दाखवायचे. ती शर्टांना बटणं लावत ऐकायची आणि कळलं की ‘हं’ म्हणायची. तोवर पान उलटायचं नाही, असा तिचा दंडकच होता.

ती गेली, तरी त्यांनी वाचन सोडलं नाही. तिसऱ्याच दुपारी समोरच्या रिकाम्या खुर्चीतून ‘हं’ आलं, अगदी बरोबर जागी. ते घाबरले नाहीत. हात जोडले आणि पान उलटलं.

आज मात्र मरणाबद्दलच्या एका ओळीवर गाडी अडली. तीनदा वाचूनही ‘हं’ येईना.

त्यांनी ग्रंथ मांडीवर उघडा ठेवला, चष्मा काढला.

"खरं सांगू का गं," ते हळूच म्हणाले, "मी तुझ्या भरवशावर पानं उलटत आलो. मला कुठे सगळं कळत होतं? तू होतीस म्हणून थोडंफार डोक्यात शिरलं."

दोन्ही हातांनी ते काचा पुसत राहिले. ओळ मनात घोळत होती. एकाएकी ती लख्ख उलगडली.

"हं," ते नकळत म्हणाले.

मांडीवरचं पान आपसूक, सावकाश उलटलं.